जाडी कशाने गेली

ओरुरो, ९ जानेवारी

प्रिय आब्दोन,

अनेक आशीर्वाद. फोन तू उचलत नाहीस आणि इथली टपाल कचेरी नावापुरतीही उरलेली नाही, म्हणून हे पत्र सांता क्रूझला जाणाऱ्या बसच्या पार्सलात घालते आहे. सोबत आईने लामाचं सुकं मांस आणि जांभळ्या मक्याचं आपीचं पीठ दिलंय. पीठ भिजलं तर बसवाल्याला बोल, मला नको.

आई बरी आहे. म्हणजे डाव्या डोळ्याने दिसणं बंद झालंय आणि उजव्याने तिला हवं तेवढंच दिसतं. तरी सकाळी बाजारात प्यायच्या गरम आपीचं पातेलं मांडतेच. परवा एका गिऱ्हाइकाला तू समजून दोन तळलेली पेस्तेल जास्त वाढली. तो बिचारा खाऊन झाल्यावर म्हणाला, "मावशी, मी आब्दोन नाही हो." तर ही म्हणते, "मग मुकाट्याने खाल्लीस कशाला?" सगळा बाजार हसला. ती मात्र हसली नाही.

आता कामाचं. जाडी आठवते ना? विचारते तरी काय! आपल्या आरोग्य केंद्रातला तो सर्व्हर, ज्याला सगळे जाडी म्हणायचे आणि तू चिडायचास. सगळ्या नोंदींसकट कोसळली तेव्हापासून दोन वर्षं ती गुदामात ताडपत्रीखाली पडून आहे. सरकारी वस्तू, अंगावर नंबराची पट्टी, त्यामुळे भंगारात टाकायची तरी दाखला लागतो. आणि त्या दाखल्यात एक रकाना आहे: निकामी होण्याचं कारण. जुन्या नोंदी मी सांभाळते म्हणून डॉक्टरीणबाईंनी तो कागद माझ्या गळ्यात घातला. जोडीला ला पाझहून आलेल्या त्या तज्ज्ञाचा अहवाल ठेवला, ज्यावरून तुझी नोकरी गेली. त्यात काय आहे ते तुला पाठ असेल. "पुरेशी चाचणी न करता केलेला बदल. संबंधित कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा."

तेच वाक्य उतरवून काढायचं, शिक्का मारायचा, आणि जाडी गेली. पण मग तो शब्द तुझ्या नावाला कायमचा चिकटणार. मला ते करवत नाही. खरं कारण सापडलं तर मी ते लिहीन, मग तुझ्या नावापुढचा शब्द खोडावा लागेल आणि तुला घरी यायला तोंड राहील. एवढंच हवंय मला. या कार्निव्हलला तू घरी हवास. आईच्या उजव्या डोळ्याचा भरवसा नाही.

त्या वेळी तू नऊ दिवस त्या खोलीत बसून होतास. मी डबा आणायची, तू तो न उघडता परत द्यायचास. "ताई, जाडीच्या नोंदवहीत काहीच नाही गं," म्हणायचास, "अर्ध्या ओळीत थांबलीय. कुणी बोलता बोलता मेल्यासारखं." मग तू प्रत्येकाला विचारत फिरलास, झाडूवालीपासून डॉक्टरीणबाईंपर्यंत. मलाही विचारलंस. असो.

सेवेरोबाबा अजून येतात. महिन्याच्या पहिल्या सोमवारी, टोपी हातात घेऊन, जिन्यात तीनदा थांबून. अकरा वर्षं ते आपल्या श्वास मोजायच्या नळीत फुंकत होते आणि तो आकडा जाडीत जात होता. खाणीने आपली फुप्फुसं कशी खाल्ली हे दाखवायला त्यांना तेवढंच होतं. दर वेळी एकच प्रश्न: "बाई, माझा जुना श्वास सापडला का?" मी म्हणते, "शोधतोय बाबा." नवीन चाचणी करून देते. पण नवीन आकड्याने काय होतं? त्यांच्यात पूर्वी किती वारा होता हे आता कुणीच सांगू शकत नाही.

तर सांग, मशीन उघडल्यावर मी कुठे बघू? मला यातलं काही कळत नाही, पण डोळे आहेत. गुदामातले रुफिनोकाका स्क्रू काढून द्यायला तयार आहेत. ते म्हणाले, "पोराने माझा रेडिओ तीनदा दुरुस्त केला, मी त्याच्यासाठी एवढं करणार नाही?"

उत्तर पाठव. चार ओळी चालतील.

तुझी ताई,
झुल्मा


ओरुरो, २७ जानेवारी

प्रिय आब्दोन,

तू चारच ओळी पाठवल्यास. पार्सलच्याच खाकी कागदाच्या मागे, "ताई" हा शब्दसुद्धा न लिहिता. तरी मी तो कागद तीन दिवस पदराशी बाळगला.

तू लिहिलंस: "शेवटी पडण्याआधी ती तीनदा अडखळली होती. तारखा: ३, ९, १४ आणि शेवटची १८ मार्च. त्या दिवशी हवा कशी होती बघ. मग मेमरीच्या पट्ट्या काढून त्यांच्या दातांचा रंग बघ. फोटो नको, सांग फक्त."

म्हणजे दोन वर्षं तूही तेच शोधत होतास तर. दिवसभर त्या दुकानात लोकांचे फुटके फोन जोडायचे आणि डोक्यात जाडी.

हवा कुठे शोधायची याचा मला पेच पडला, आणि मग आईचं कॅलेंडर आठवलं. पावसाच्या दिवशी आपी दुप्पट खपते म्हणून ती त्या तारखेवर फुली मारते, पुढच्या वर्षी किती मका भिजवायचा ते कळावं म्हणून. जुनी कॅलेंडरं पलंगाखाली असतात, तिची आणि बाबांच्या वेळची सगळी. मी त्या वर्षाचं काढलं. तीन, फुली. नऊ, फुली. चौदा, फुली. अठरा तारखेला तर दोन फुल्या. आई म्हणाली, "काय शोधतेस गं माझ्या फुल्यांत?" मी म्हटलं, काही नाही.

मंगळवारी रुफिनोकाकांनी झाकण काढलं. मी कागद-पेन्सिल घेऊन बसले होते, तू सांगितलेला रंग लिहायला. लिहायची गरजच पडली नाही. सांगते. नीट वाच.

वरच्या जाळीखाली, जिथून गरम वारा बाहेर यायचा तिथे, एक पिवळट साय धरली होती. हाताला चिकट. त्यावर दोन वर्षांची धूळ बसून लोकरीसारखी झालेली. ती ओघळून मेमरीच्या पट्ट्यांवर उतरली होती, आणि दात हिरवे पडले होते. तांब्याचं भांडं न घासता ठेवल्यावर पडतं ना, तसं हिरवं. रुफिनोकाकांनी बोट लावून वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. मग चिमट्याने पंख्याच्या पात्यांतून एक एक काढून वर्तमानपत्रावर ठेवायला लागले. गोल कागदी टिकल्या. गुलाबी, हिरव्या, निळ्या. बावीस मोजल्या. एक वीतभर रंगीत फीत पंख्याच्या आसाला गुंडाळलेली. आणि साखरेच्या गोळीचा एक तुकडा, अर्धा विरघळलेला.

"झुल्माबाई," रुफिनोकाका म्हणाले, "हिची कुणीतरी छाल्या केलीय."

मी टिकल्या पुन्हा मोजायला घेतल्या.

"बिअर आहे ही. कार्निव्हलच्या शुक्रवारी माझ्या गुदामात मीही शिंपतो, पण उंबऱ्यावर शिंपतो. हिला कुणीतरी तोंडात पाजलीय." मग चिमटा खाली ठेवून: "पण आब्दोनने तर दारावर कागद लावला होता."

लावला होताच. मोठ्या अक्षरांत: "या खोलीत छाल्या करू नये." किती हसले होते सगळे! दवाखान्यातली प्रत्येक खोली त्या शुक्रवारी फिती बांधून, फुलं उधळून, धरणीला घोटभर पाजून तृप्त झालेली, आणि तुझी एकटी उपाशी. डॉक्टरीणबाईसुद्धा म्हणाल्या, "आब्दोन, क्ष-किरणाच्या यंत्राला चालतं आणि तुझ्या जाडीला चालत नाही होय? फार नखरे करते बुवा." तू म्हणालास, "धरणीमायला, पाचामामाला, मी माझ्या वाटची बाटली अंगणात देतो. जाडी दारू पीत नाही."

तर आता मला असं कळलंय. चुकलं तर सांग. त्या शुक्रवारी रात्री, ओली असतानाच, बिअरने पहिल्यांदा नोंदी नासवल्या; मग वाळली आणि कोरडी असेपर्यंत गप्प होती. पावसाच्या दिवशी हवा ओलावली की तो चिकटा ओलावायचा आणि नको तिथून वीज जायची. मग जाडी आकडे चुकीचे लिहायची. बंद पडायची नाही, नुसती खोटं लिहायची. रोज सगळ्या नोंदी नव्याने लावून ठेवायची तिची सवय होती, त्यात ती जुनी अकरा वर्षंही थोडी थोडी नासवत गेली. आणि तू रोज संध्याकाळी इमानदारीने त्या नासलेल्याची प्रत काढून ठेवत होतास. वीस दिवसांच्या प्रती ठेवायचा नियम होता, एकविसाव्या दिवशी पहिली पुसायची. त्या शुक्रवारपासून अठरा मार्चपर्यंत मी बोटांवर मोजलं. एकवीस.

एक दिवस. एक दिवस आधी ती पडली असती तर सेवेरोबाबांचा श्वास एका प्रतीत शाबूत राहिला असता. आणि तुझा बदल, ज्याच्यावर सगळं खापर फुटलं, तो तर शेवटच्या आदल्या दिवसाचा. त्याचा याच्याशी काडीचा संबंध नव्हता. तू निष्काळजी नव्हतास. हे मी तुला लिहून देते.

तुला आनंद होईल असं वाटून हे पत्र लिहायला घेतलं होतं. आता वाचून बघितलं तर यात आनंद होण्यासारखं काही नाही.

आईने यंदा बटाटे गोठवून सुकवून चुन्यो बरा केलाय, काळा आणि हलका. पार्सलात आहे. शिजवायच्या आधी दोनदा पाणी बदल, तू नेहमी विसरतोस.

छाल्या कुणी केली ते त्या वेळी कुणी पाहिलं नसावं. सगळे अंगणात नाचत होते. गर्दी होती.

तुझी ताई,
झुल्मा


ओरुरो, १४ फेब्रुवारी

आब्दोन,

तुझा कागद मिळाला. या वेळी एकच शब्द. "कोण?"

तुला माहीत आहे. त्या खोलीला दोनच चाव्या होत्या. एक तुझ्या गळ्यात, नाचतानासुद्धा. दुसरी माझ्या टेबलाच्या खणात.

त्या शुक्रवारी आई केंद्रात आली होती ते तुला आठवतं का? तू तिच्याबरोबर अंगणात फेर धरलास, मग बँडवाल्यांनी तुला ओढून नेलं. ती माझ्याजवळ आली आणि कानात म्हणाली, "झुल्मा, माझ्या पोराला जी पोसते तिलाच आपण उपाशी ठेवायचं? उद्या तिने डोळे वटारले तर?" मी म्हटलं, "आई, तो चिडेल." ती म्हणाली, "कळलं तर चिडेल ना?"

मी चावी काढली. मला गंमत वाटली रे. दोघी चोरासारख्या आत शिरलो. तिने जाडीला फीत बांधली, टिकल्या उधळल्या, साखरेच्या गोळ्या ठेवल्या. मग वरच्या जाळीवर हात धरला आणि एकदम दचकली. "अगं, ही तर श्वास घेतेय! ऊन ऊन." आणि बाटली तिथे वाकडी केली, अगदी हळू, लहान पोराला चमच्याने औषध पाजावं तशी. "पी बाई," म्हणाली, "आणि माझ्या आब्दोनला सांभाळ." बाटली मी धरली होती. तिचा हात थरथरतो म्हणून मी खालून आधार दिला होता.

मग तिला बाहेर बसवून मी आत गेले, फिती सोडल्या, टिकल्या झाडल्या, गोळ्या उचलल्या, वरचा पत्रा ओच्याने पुसला. एवढं साफ केलं की तुला नऊ दिवसांत एक टिकली सापडली नाही. आत गेलेल्या मला कुठे दिसणार?

आणि सातव्या दिवशी तू माझ्या टेबलाशी आलास. डोळे लाल. म्हणालास, "ताई, चावी कुणाला दिली होतीस का?" मी म्हटलं, "नाही रे."

तेव्हा मला खरंच वाटलं की चार थेंबांनी काय होणार. पण खरं कारण ते नव्हतं. हो म्हटलं असतं तर आईचं नाव आलं असतं, आणि माझी नोकरी. दोन्हींची भीती वाटली. कशाची जास्त, ते मला आजही सांगता येणार नाही. यंत्र उघडून बघ, असं मी तुला सांगायला हवं होतं. तू दर वेळी पडद्यावरच शोधत होतास. झाकण काढावं असं तुला वाटलंच नाही, कारण तुझ्या खोलीत कुणी जात नाही असा तुझा विश्वास होता.

पाच तारखेला, सोमवारी, मी दाखला भरला. लिहिलं: "कारण: यंत्रावर बिअर ओतली गेली. ओतणारी: झुल्मा आचाकोयो, नोंदी विभाग." आईचं नाव नाही घातलं. टिकल्या पाकिटात घालून जोडल्या. डॉक्टरीणबाईंनी वाचलं, चष्मा काढला आणि दार लावून घेतलं.

"हे काय उकरून काढलंस?"

"खरं आहे ते, बाई. त्याची काही चूक नव्हती. मला काढा हवं तर."

"तुला काढू? आणि मग मला कुठली फाइल कुठे आहे ते कोण सांगणार? हे बघ, त्याच्या प्रकरणाचा कागद ला पाझला गेला, तिथे बंद झाला. भंगाराच्या दाखल्याने तो उघडत नाही. हा इथेच फडताळात जाणार. आणि बिअर हा शब्द वर गेला तर देशभरच्या दवाखान्यांतली छाल्या बंद करतील ते. लोक मला फाडून खातील."

त्यांनी माझा कागद चार तुकडे करून टोपलीत टाकला आणि नवा पुढे केला. "जीर्ण झाल्याने," त्या म्हणाल्या, "एवढंच लिही. त्याचंही नाव नाही, तुझंही नाही. झालं की नाही सगळ्यांचं बरं?"

मी सही केली. हो, केली. जिन्यात सेवेरोबाबा बसले होते, श्वास गोळा करत. त्यांनी टोपी काढली. मी त्यांच्याकडे न बघता निघून गेले.

म्हणून या पत्राच्या पाठीमागे मी तेच सगळं पुन्हा लिहिलंय, सही केलीय, केंद्राचा शिक्का मारलाय. त्याचा काही उपयोग नाही. तरी तुझ्याजवळ असू दे.

आता राहिली आई. गेल्या शुक्रवारी, छाल्याच्या दिवशी, सकाळी ती फिती, टिकल्या आणि गोळ्या घेऊन बसली, एकेक चाचपून पिशवीत भरत. मला वाटलं, केंद्रात निघाली. "नाही गं," म्हणाली, "ही आब्दोनच्या दुकानाची. तिथे यंत्रं असतील ना? त्यांचं कुणी करत असेल का तिकडे?" मी मनाशी ठरवलं, आज सांगायचं. तिच्याजवळ जमिनीवर बसले. म्हटलं, "आई, त्या वर्षी आपण जाडीला पाजली ना..."

तिने मला पुढे बोलूच दिलं नाही.

"तेच डोक्यात येतं माझ्या," ती म्हणाली. "दोन वर्षं येतंय. कुणाला बोलले नाही. माझंच चुकलं, झुल्मा. त्या दिवशी मी हात आखडता घेतला. म्हटलं नाजूक यंत्र आहे, जास्त नको. अर्धी बाटली तशीच परत आणली आणि संध्याकाळी तू नि मी प्यायलो. तिच्या वाटची आपण प्यायलो! म्हणून तिने नोकरी नेली पोराची. पुरती पाजली असती तर तो आज इथे असता."

मग तिने डोळे पुसले, दोन्ही, न दिसणारासुद्धा. मला तिला काय सांगता आलं असतं, तूच सांग. ओतली म्हणून गेली, असं? मी तिचा हात धरून बसले.

तिने तुझ्यासाठी एक अख्खी बाटली दिली आहे, चुन्योच्या पिशवीत गुंडाळून. "या वेळी पूर्ण ओतायला सांग त्याला," म्हणाली. "थेंबही मागे ठेवू नको म्हणावं." तू ती अंगणात ओत, नाहीतर पी, नाहीतर फोडून टाक. पण कधीतरी तिला फोन कर आणि पूर्ण ओतली असं सांग. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. फोन ती उचलेल अशी व्यवस्था मी करते, मी घरात नसताना.

तू विचारलं होतंस, चावी कुणाला दिलीस का. दिली होती रे.

झुल्मा